मी, कधीच न पेटलेला पाईप

मी एक पाईप बोलतोय. लगेच बादली घेऊन उठू नका. आमच्या भागात पाईप म्हटलं की माणसाला आधी पाणीच आठवतं, त्यात त्याचा दोष नाही. मी तंबाखू ओढायचा पाईप आहे. तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेली दांडी आणि तोंडात धरायची नळी, एवढाच माझा देह. अंग बोरीच्या मुळाचं, नळी देवणी बैलाच्या शिंगाची. दिसायला मी देखणा आहे, हे मला ठाऊक आहे. गेली कित्येक वर्षं दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच सांगतं. पण माझ्या पोटात आजवर तंबाखूची एक चिमूटसुद्धा जळलेली नाही.

मी जमिनीबाहेर आलो ते बहात्तरच्या दुष्काळात. उदगीरहून देवणीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एका तलावाचं काम निघालं होतं. तलावात यायला पाणी कुठंच नव्हतं, पण लोकांच्या हाताला काम पाहिजे म्हणून माती खणली जात होती. त्या जागेत एक वाळलेली बोर होती. तिचं मूळ आडवं आलं आणि एका बाईची कुदळ त्याच्यावर खणकन आपटली. ती बाई चांगुणा. "मूळ हाय का लोखंड?" असं म्हणून तिनं कपाळावरचा पदर मागं सारला आणि पुन्हा कुदळ उचलली. मला उकरायला तिला नि आणखी दोघींना अख्खा दिवस लागला. मी चिवट होतो. चांगुणाच्या तळहातांना फोड आले ते माझ्यापायी, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चांगुणाचा नवरा लिंबाजी त्याच कामावर हजेरी घ्यायला होता. मॅट्रिक झालेला, सडपातळ, तेविशीचा. रोज सकाळी तो नावं पुकारायचा आणि बायकोचं नावही मान वर न करता, इतरांसारखंच पुकारायचा. कानावर पेन्सिल आणि खिशात बिडीचं बंडल, ह्या दोन गोष्टींशिवाय मी त्याला कधी पाहिलं नाही.

एके दिवशी जीपमधून मोठे साहेब पाहणीला आले. त्यांच्या तोंडात पाईप होता. मजुरांमधल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "सायेब, पिण्याच्या पाण्याचा टँकर कवा येईल?" साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून डबी काढली. पाईपात तंबाखू भरली, अंगठ्यानं दाबली, काडी ओढली, दोन झुरके घेतले. चारशे माणसं उन्हात उभी होती. मग साहेब म्हणाले, "बघू."

ही हकिकत मी लिंबाजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती मला पाठ झाली आहे. त्या दिवशी त्याचं मन त्या पाईपावर बसलं ते धुरासाठी नव्हे. लिंबाजीच्या बापाला गावात कुणीही हाक मारली की ती पुरी व्हायच्या आत 'जी' म्हणावं लागे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापानं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, पण ती 'जी' म्हणायची घाई काही त्याच्या जिभेवरून गेली नाही. लिंबाजीच्याही गेली नव्हती. आणि इथं एक माणूस लोकांना ताटकळत ठेवून निवांत काडी ओढत होता, आणि कुणी ब्र काढत नव्हतं.

"तंबाखूचं सोडा मियाँ," तो नंतर पाशामियाँला म्हणाला, "इचारणं नि उत्तर देणं ह्याच्या मधी त्यो जो येळ हाय का न्हाई, त्यो पायजे मला."

पाशामियाँ उदगीरचा खरादी. किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीत त्याचं दुकान. खाटेचे खूर, लाटणी, पाळण्याच्या दांड्या, भोवरे, असलं सगळं तो खरादावर उतरवायचा. त्याची बायको जोहरा समोर बसून खरादाची दोरी ओढायची, लाकूड गरगर फिरायचं, तो पटाशी टेकवायचा आणि भुसा उडायचा. दुकानातली प्रत्येक वस्तू भुशानं पिवळी झालेली असे, दोघांच्या भुवयासुद्धा. संध्याकाळी काम थांबलं की जोहरा त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. भुसा घशातून खाली उतरतो म्हणे. तो गूळ खायचा, घसा साफ करायचा आणि दुकान आवरायचा. हे मी रोज पाहिलं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

लिंबाजीनं तलावावर निघालेलं ते मूळ, म्हणजे मला, त्याच्यापुढं ठेवलं आणि एका फळीवर पेन्सिलीनं पाईपाचं चित्र काढलं. पाशामियाँनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"ये तो छोटा हुक्का हुआ," तो म्हणाला. "होईंगा. पन लकडी सुकू देव. घाई करशील तर फुटंल."

"किती दिवस?"

"दिवस नै रे बाबा. तीन उन्हाळे."

तीन उन्हाळे मी दुकानाच्या माळ्यावर पडून होतो. पंचाहत्तर साली पाशामियाँनं मला खाली घेतलं. तोवर लिंबाजी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागला होता. मला घडवायला आठ दिवस गेले. निम्मा खरादावर आणि निम्मा कानशीनं. नळीसाठी देवणीच्या गुरांच्या छावणीत मेलेल्या एका बैलाचं शिंग त्यानं मिळवलं होतं. त्याचा काळा भाग काढून टाकला आणि पिवळसर, उजेडात धरलं की आरपार दिसेल असा भाग ठेवला. तापल्या सळईनं त्यातून बारीक वाट काढली.

लिंबाजीनं नळी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. मेलेल्या बैलाचं शिंग. पाशामियाँच्या उशिरा लक्षात आलं आणि तो ओशाळला. "बदल देतूं," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," लिंबाजी म्हणाला. "बापानं वढून नेलं. म्या खुर्चीत बसून तोंडात धरीन. हिशेब फिटला."

आता माझ्या जन्माची खरी गोम सांगतो. पाशामियाँच्या घराण्यात एक रीत होती. जी वस्तू तोंडाला लावायची, म्हणजे बासरी असो, हुक्क्याची नळी असो की लहान पोराची पिपाणी, तिचं शेवटचं भोक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाडायचं. त्यांच्या दुकानात सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे लोक येत. वस्तूला आधी दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं नाही, ह्याची प्रत्येकाला खात्री पाहिजे असे. म्हणून माझी वाटी कोरली गेली, नळी पोखरली गेली, पण दोहोंच्या मध्ये बोटाच्या पेराएवढं लाकूड तसंच राहिलं. गिरमिटाचे चार फेरे दिले की वाट मोकळी होणार आणि मी पाईप होणार. त्याआधी मी नुसताच पाईपासारखा दिसणारा लाकडाचा तुकडा.

"पाडूं?" पाशामियाँनं गिरमिट उचललं.

"आत्ता नगं," लिंबाजी म्हणाला. "सायेब झालो की. ज्या दिशी खुर्चीत बसंन त्या दिशी."

मी चरफडलो. पण कुणी विचारतं का पाईपाला?

मग दर बाजारच्या दिवशी त्यांचा एक खेळ चाले. लिंबाजी कचेरीतून यायचा, लाकडाच्या ओंडक्यावर बसायचा, मला फळीवरून उतरवून तोंडात धरायचा. पाशामियाँ हात जोडून विचारायचा, "साब, टँकर कब आएगा?" लिंबाजी खोटी डबी काढायचा, खोटी तंबाखू भरायचा, अंगठ्यानं दाबायचा, खोटी काडी ओढायचा. जोहरा दोरी सोडून बघत बसायची. पुष्कळ वेळानं लिंबाजी म्हणायचा, "बघू." तिघं पोट धरून हसायचे. मग लिंबाजी मला पुसून फळीवर ठेवायचा आणि बाहेर जाऊन बिडी पेटवायचा.

त्या बिडीचा मला मनापासून राग यायचा. माझी जागा तिनं घेतली होती. दिवसाला एक बंडल, पुढं दोन.

ऐंशी साल उजाडलं असेल. लिंबाजी मला तोंडात धरायचा तेव्हा त्याचा श्वास नळीत येऊन अडायचा आणि परत जायचा. त्या श्वासाचा आवाज बदलला. आत काहीतरी घरघरायचं. एका बाजारच्या दिवशी 'बघू' म्हणण्याआधी त्याला खोकला आला, मी तोंडात असतानाच. नळीत काहीतरी गरम, खारट उतरलं. त्यानं मला तोंडातून काढलं, नळीचं टोक पाहिलं, पाशामियाँकडं पाठ फिरवली आणि रुमालानं घाईघाईनं पुसलं.

टोक स्वच्छ झालं. आतलं राहिलं.

पुढच्या बाजारला तो पान खाऊन आला. जन्मात कधी पान न खाल्लेला माणूस. "हे कधीपासून?" असं पाशामियाँनं विचारल्यावर म्हणाला, "कचेरीत समदेच खातेत." मला पानाचा वास आला आणि त्याखाली दुसराही आला. तेव्हा मला कळलं. त्याला तांबडा रुमाल लपवायचा होता आणि तांबडा रुमाल लपवायला तांबड्या पानासारखं दुसरं काही नाही.

दोन वर्षं हे गुपित मी एकट्यानं पोटात ठेवलं. मी काय करू शकत होतो? माझ्यातून हवासुद्धा जात नव्हती, शब्द कुठून जाणार? दर बाजारी तो यायचा, थोडा आणखी वाळलेला. आणि खोटं कशाला बोलू, इतकं सगळं कळत असूनही मी त्याच्या खुर्चीची वाट बघतच होतो. एकदा तरी पेटायला मिळावं, एवढीच माझी हाव. आज त्या हावेची मला लाज वाटते.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. उदगीर उस्मानाबादेतून सुटून लातुरात आलं. दुकानासमोरून माणसं गुलाल लावून जात होती. नवी कचेरी, नवी पदं, नव्या खुर्च्या. लिंबाजी खात्याची परीक्षा आधीच पास झाला होता. नायब तहसीलदार म्हणून त्याला लातूरचा हुकूम आला. त्यानं निरोप धाडला, "उद्या येतो. गिरमिट काढून ठेवा."

पाशामियाँनं मला पुसायला घेतलं. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आपलं आहे, वस्तू आरशासारखी झाली पाहिजे. लाकडाला तेल चोळून झाल्यावर त्यानं नळी खिडकीच्या उजेडात धरली. शिंगाच्या आत, वाटेच्या कडेनं, एक काळपट तांबडी रेघ दिसली. त्यानं तार घालून पाहिली. तारेच्या टोकावर जे आलं ते बोटावर घेऊन ओलं केलं. खरादी माणसाची बोटं आठवड्यातून एकदा तरी कापतात. लाखेचा तांबडा, पानाचा तांबडा आणि रक्ताचा तांबडा त्याला कुणी शिकवावा लागत नाही. तो तसाच खिडकीपाशी बसून राहिला. जोहरानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाजी आला तो एकटा नव्हता. कचेरीतले दोघं जण सोबत होते. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात नवा सफारी, तोंडात पान.

"काढा मियाँ गिरमिट," तो म्हणाला. "धा सालं झाली."

पाशामियाँनं मला हातात घेतलं. एकदा त्या दोघांकडं पाहिलं.

"आज नै होता, साब."

"कामून?"

"गिरमिट खराब है."

गिरमिट समोर फळीवर होतं, नुकतीच धार लावलेलं. लिंबाजीनं ते पाहिलं. त्या दोघांनीही पाहिलं. "चला साहेब," त्यातला एक हसत म्हणाला, "लातुरात असले पन्नास मिळतील."

लिंबाजी हसला नाही. "मूळ मपल्या बायकोनं खांदलं," तो हळू आवाजात म्हणाला. "धा साल म्या वाट पाहिली. आन् तोंड लावायची येळ आली की गिरमिट खराब होतं. असं लई दारात झालंय आमचं, मियाँ. तुमच्या दारात व्हईल असं वाटलं न्हवतं."

टीबी म्हणायला एक श्वास पुरतो. पण ऐकणारे दोघं लिंबाजीच्याच कचेरीचे होते. उद्यापासून ज्या खुर्चीवर तो बसणार होता, ती खुर्ची त्या एका शब्दानं हलली असती. म्हणून पाशामियाँ गप्प राहिला आणि त्याच्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ घेऊन लिंबाजी पायऱ्या उतरून गेला. पेढ्यांचा पुडा फळीवर तसाच राहिला.

तो मधला वेळ पाहिजे होता ना त्याला? त्या दिवशी त्याला तो मिळाला, पण पाशामियाँकडून. मला लिंबाजी आणि मियाँ, दोघांवरही संताप आला.

"बोले कायकू नै?" जोहरा म्हणाली.

"दो आदमी थे उसके दफ्तर के."

"तो अब जाके बोलो. मुर्दे कू बोलोगे क्या?"

आठ दिवस पाशामियाँनं खराद फिरवला नाही. नवव्या दिवशी त्यानं मला फडक्यात गुंडाळलं आणि लातूरची एसटी पकडली. विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लिंबाजी कचेरीत होता. घरी चांगुणा होती. दहा वर्षांनी मी तिला पाहिलं. तिनं फडकं सोडलं आणि मला लगेच ओळखलं.

"ह्यो त्योच व्हय? मूळ?" तिनं मला तळहातावर घेतलं, त्याच फोड आलेल्या तळहातावर. "किती सोजळ केलं तुमी."

पाशामियाँनं नळी दाराच्या उजेडात धरली. तिला ती रेघ दिसली. ती खाली बसली.

"पान खाऊन राहिलेत दोन सालापासून," ती म्हणाली. "रुमाल म्या धुते. पानाचा डाग नुसत्या थंड पाण्यानं जात न्हाई, मियाँ. ह्यो जायचा." ती पदराशी चाळा करत राहिली. "मला कळलं व्हतं. म्या इचारलं न्हाई. इचारलं तर खरं व्हईल म्हणून इचारलं न्हाई."

लिंबाजी आला. पाशामियाँला पाहून दारातच थांबला.

"पाडून आणलं का?"

"नै साब."

"मग कामून आलात?"

पाशामियाँनं मला पुढं केलं, नळीचं टोक उजेडाकडं. लिंबाजीनं पाहिलं, चांगुणाकडं पाहिलं. मग बूट न काढताच आत येऊन भिंतीला टेकून बसला. नवी खुर्ची मिळालेला माणूस जमिनीवर बसला.

"त्या दिशी ह्याच्यासाठी न्हाई म्हणले?"

"हौ."

"मला वाटलं..." तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मला ठावं हाय मियाँ. दोन साल झाले. पर दवाखान्यात कसा जाऊ? आत्ता कुठं लोक मपल्या हातचा चहा घेऊन राहिलेत. शिपायी मपला कप इतरांच्या कपात धुतो. टीबी कळाली की कप पुन्हा येगळा व्हईल. बापाचा कप येगळा व्हता, आजाचा तर न्हवताच, करवंटी व्हती. म्या मरंन, पर त्यो येगळा कप बघणार न्हाई."

चांगुणा तोंडात पदर धरून रडत होती. पाशामियाँ उठला, त्याच्याजवळ जाऊन बसला. आणि मग त्यानं जे केलं ते त्याच्या बापजाद्यांत कुणी केलं नसेल. दुसऱ्याच्या नावानं केलेली, दुसऱ्याच्या ओठांची, आत रक्त सुकलेली ती नळी त्यानं स्वतःच्या तोंडात धरली. डोळे मिटून जोरात ओढली. त्याचे गाल आत गेले. अर्थात काहीच आलं नाही.

"देखो," तो म्हणाला, "मेरेकू बी हवा नै आती."

लिंबाजी त्याच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, मियाँनं त्याची समजूत घातली. लिंबाजीलाही तसंच वाटलं. तो हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा आणि पाशामियाँ त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत उभे राहिले तेव्हा मी पाशामियाँच्या खिशात होतो. निघताना लिंबाजीनं मला परत त्याच्याच हाती दिलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बरा झालो की येतो. तवा पाडा."

दीड वर्ष औषध चाललं. सुया, मूठमूठ गोळ्या. चांगुणानं घरातली बिड्यांची बंडलं चुलीत घातली. लिंबाजीला रजेवर जावं लागलं आणि खुर्चीवर दुसरा बसला. रजेवरून परत आल्यावर त्याचा कप वेगळा झाला तो झालाच, ह्यात मी काही गोड करून सांगणार नाही. शिपाई त्याचा कप खिडकीत पालथा ठेवी. लिंबाजी त्यातून चहा पीत राहिला. हे सगळं तो पत्रांतून कळवी आणि पाशामियाँची मुलगी कमरुन्निसा, जी नवरा वारल्यावर माहेरी राहायला आली होती, ती बापाला वाचून दाखवी. ऐकताना पाशामियाँ माझ्याकडं पाहायचा आणि घसा साफ करायचा.

घसा साफ करायचा. मी हे तेव्हाही ऐकलं होतं! त्याआधी दहा वर्षं ऐकत होतो. आता तो दोन पायऱ्या चढून थांबायचा. पटाशी टेकवताना मधूनच हात काढून छातीवर ठेवायचा. गुळाचा एक खडा पुरायचा तिथं तीन लागायला लागले. पण मी लिंबाजीच्या पत्रांकडं कान लावून बसलो होतो. एकाच छातीची काळजी करायची मला सवय झाली होती.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाशामियाँ गेला. उभ्या जन्मात त्यानं बिडी ओढली नव्हती. डॉक्टरनं जोहराला सांगितलं, छातीत भुसा बसलाय, पुष्कळ वर्षांचा. आधी यायला पाहिजे होतं.

महिन्याभरानं लिंबाजी आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. काखेत मोठं पाकीट होतं, त्यात त्याच्या छातीचा फोटो. खिडकीच्या उजेडात धरून मियाँला दाखवायचा म्हणून तो उदगीरपर्यंत घेऊन आला होता. दुकानात जोहरा दोरी ओढत होती आणि खरादावर कमरुन्निसा होती. तिनं हात थांबवले.

"अब्बा नै रहे, साब."

लिंबाजी नेहमीच्या ओंडक्यावर बसला. कसं झालं, ते तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याची नजर फळीवर माझ्याकडं आली आणि तिथंच थांबली.

"त्या दिशी लातुरात," तो म्हणाला, "ते खरं सांगून राहिले व्हते. हवा येत न्हाई म्हणले. आमाला वाटलं, मपली समजूत काढून राहिलेत."

कमरुन्निसानं मला उतरवलं, गिरमिट घेतलं. "अब्बा बोलके गए, साब तंदुरुस्त होके आए तो सुराख कर देना. पाडूं?"

बारा वर्षं मी ह्या क्षणासाठी जगलो होतो. लिंबाजीनं मला हातात घेतलं. रिकाम्या वाटीत अंगठा दाबला. नळी तोंडाशी नेली आणि न धरताच खाली घेतली. दोघी मायलेकी वाट बघत होत्या. बाहेरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

"बघू," तो म्हणाला.

त्यानं मला फळीवर ठेवलं. खिशातून रुमाल काढला, पांढरा, आणि कमरुन्निसाला दिला. "तोंडाला बांध पोरी. खराद फिरवताना काढायचा न्हाई."

ह्या गोष्टीला आज सहा वर्षं झाली. जोहराही गेली. दोरीच्या जागी विजेची मोटर आली आहे, त्यामुळं खराद जोरात फिरतो आणि भुसाही जास्त उडतो. लिंबाजी महिन्यातून एकदा बाजारच्या दिवशी येतो. पायरीवर पाय ठेवतानाच विचारतो, "खोकला हाय का?" मगच बसतो. कमरुन्निसा "नै" म्हणते. ती मला दाखवून "पाडूं?" विचारते, तो "बघू" म्हणतो आणि चहा मागवतो. नवी गिऱ्हाइकं मला उचलतात, फुंकून पाहतात, भोक नाही म्हणून हसतात, काही जण पाडून मागतात. विकायचा नाही, असं ती सांगते.

पेटण्याची हौस माझ्यात आता उरलेली नाही. मला आहे तसं राहू द्या. पण एक गोष्ट आठ दिवसांपासून मला छळते आहे, ती ऐका. उकाड्यानं जीव नकोसा होतो म्हणून कमरुन्निसानं तो पांढरा रुमाल खिळ्याला अडकवून ठेवला आहे. आणि रोज संध्याकाळी मोटर बंद झाली की ती डब्यातून गुळाचा खडा काढते, तोंडात टाकते, घसा साफ करते आणि दुकान आवरते.

लिंबाजीचा बाजार अजून तीन आठवडे लांब आहे. तो विचारील तेव्हा ती नेहमीसारखी "नै" म्हणेल. तोवर तुमच्यापैकी कुणी किल्ल्याकडच्या ह्या गल्लीतून गेलं, तर लाटणं घ्यायच्या निमित्तानं आत या. मला नाही उचललं तरी चालेल. खिळ्यावरचा तो रुमाल काढून तिच्या हातात द्या आणि गूळ कशाला खातेस, एवढं तिला विचारा.